मुठीचं माप

शूटिंग रेंजवर तिचं नाव कवळीताई पडलं ते तिच्या धंद्यामुळे. दिवसभर ती खोटे दात बनवायची. एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर तिची लॅब होती. लॅब म्हणजे एकच खोली, खिडकीपाशी टेबल, टेबलावर हवा तसा वाकवता येणारा दिवा आणि भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे. नवीन माणूस आत आला की त्या जबड्यांकडे बघून आधी दचकायचा, मग हसायचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवायचे आणि ती त्यावर कवळी बसवून द्यायची. तिचा नवरा चारचौघांत म्हणायचा, "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. आमच्या घरी भरतं." हा विनोद तो इतकी वर्षं करत आला होता की आता तीच त्याच्या आधी पाहुण्यांना सांगून मोकळी व्हायची.

वाकून वाकून तिची मान धरायला लागली. तेव्हा दादा म्हणाला, "दिवसभर मान मोडून बसतेस. संध्याकाळी तासभर ताठ उभी राहायला ये."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. पोहण्याच्या तलावाखाली तळघर होतं, तिथल्या एअर पिस्तूल रेंजवर तो शिकवायचा. तरुणपणी स्वतः मोठ्या स्पर्धांपर्यंत गेलेला, पुढे खांदा गेला आणि नेमबाजी सुटली. तळघरात क्लोरीनचा वास यायचा, डोक्यावरून पाण्याचे पाइप गेलेले, त्यांतून सारखी गुरगुर चालायची. पाच जणांनी शेजारी शेजारी उभं राहावं एवढीच जागा. समोर दहा मीटरवर कागदाचं निशाण, त्यात पेल्याच्या बुडाएवढा काळा गोल.

पहिल्या दिवशी दादानं तिच्या हातात पिस्तूल दिलं आणि सांगितलं, "हात वर ने, मग हळू खाली आण. नळीच्या टोकाला ही माशी आहे ना, हा छोटा काळा चौकोन, नजर हिच्यावर. निशाणाकडे बघायचं नाही. ते धूसर दिसलं पाहिजे. आणि ट्रिगर असा दाबायचा की छर्रा सुटल्याचं तुलाच नवल वाटलं पाहिजे."

तिनं तसं केलं. पहिल्याच आठवड्यात तिचे छर्रे काळ्यात जायला लागले. शेजारी नेम धरणारे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "बाई, तुमचा हात म्हणजे दगडी खांब आहे हो." तिला गुदगुल्या झाल्या. वयाच्या चाळिशीत कुणी शाबासकी द्यावी असं तिच्या आयुष्यात फारसं उरलं नव्हतं. कवळी चांगली बसली तर पेशंट डॉक्टरला दुवा देतो, आणि टोचली तर शिव्या मात्र लॅबला.

दोन वर्षांत ती साठ छर्र्यांत सहाशेपैकी साडेपाचशे गुणांपर्यंत गेली. आणि तिथंच रुतली.

निवड स्पर्धेला पाचशे साठ लागायचे. ती कधी पाचशे एकावन्न मारायची, कधी पाचशे अठ्ठेचाळीस. एखाद्या दिवशी पाचशे पंचावन्न झाले की घरी शीळ घालत जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडं चिखलात. सगळे छर्रे दहा आणि नऊच्या घरात बसलेले, आणि मधूनच एखादा उजवीकडे सातात जाऊन पडायचा. का, ते कळायचं नाही. सुटला की कळायचं, हा गेला.

"मनगट सैल सोडतेस," दादा म्हणायचा.

"नाही सोडत."

"सोडतेस."

यापुढे त्यांचं संभाषण जायचं नाही. लहानपणापासून दादाची हीच तऱ्हा. त्यानं एकदा निदान केलं की ब्रह्मदेव आला तरी ते बदलायचं नाही.

तिचं स्वतःचं निदान वेगळं होतं. पिस्तूल दादाचं होतं. खांदा गेल्यावर त्यानं ते तिला दिलं होतं, आणि त्याची लाकडी मूठ त्यानं स्वतः कानशीनं घासून आपल्या पंजाच्या आकाराची केलेली होती. दादाचा पंजा सुपाएवढा. तिचा हात त्या मुठीत बसायचा तो थोरल्याच्या बुटात धाकट्याचा पाय बसावा तसा. तिनं मुठीला चिकटपट्टी गुंडाळली, अंगठ्याखाली स्पंजचा तुकडा लावला, बोटांच्या फटीत चामड्याची चिंधी कोंबली. दर महिन्याला नवीन ठिगळ. पण मुठीला कानस लावायची तिची छाती झाली नाही, कारण दादा ती मूठ कधी हातात घेतली तर घटकाभर नुसता अंगठा फिरवत बसायचा.

एका संध्याकाळी मात्र कडेलोट झाला. दिवसभर एका डॉक्टरची तीच कवळी तिसऱ्यांदा परत आलेली, डोकं आधीच तापलेलं. रेंजवर सलग तीन छर्रे उजवीकडे गेले. तिनं पिस्तूल टेबलावर ठेवलं, नळी निशाणाकडे, अगदी नियमानं, आणि मग मागे वळून म्हणाली, "दादा, ही मूठ माझ्या हाताची नाही. कितीदा सांगू? तुझ्या हाताची आहे."

दादा खुर्चीवरून उठलासुद्धा नाही. "याच मुठीनं मी पाचशे ऐंशी मारलेत."

"तू मारलेस! तुझ्या हातानं!"

"नाचता येईना अंगण वाकडं," दादा म्हणाला.

पोस्टमास्तरांनी छर्र्यांच्या डबीत डोकं खुपसलं. तिनं पिस्तूल पेटीत भरलं, पेटीचे दोन्ही खटके लावले आणि जिना चढून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं लॅबचं दार लावून घेतलं. पिस्तुलाची मूठ स्क्रू काढून वेगळी केली. थोडा वेळ ती तशीच हातात धरून बसली. मग टेबलावरचं घासायचं यंत्र सुरू केलं, ज्यावर कवळ्यांच्या कडा उतरवायच्या, आणि दादाचा पंजा त्या लाकडावरून उतरवला. तपकिरी भुकटी जबड्यांवर उडाली. आत पिस्तुलाचं लोखंड बसतं तेवढा गाभा तिनं ठेवला. त्याच्याभोवती माप घ्यायची पुटी मळून थापली, खुर्चीवर नीट बसली, कोपर टेबलावर टेकवलं आणि मूठ घट्ट धरली. पुटी घट्ट होईपर्यंत हलली नाही. मग नेहमीचंच काम. साचा केला, कवळीच्या हिरड्यांना वापरतात तेच गुलाबी अॅक्रिलिक ओतलं, शिजवलं, घासलं, चकचकीत केलं.

नवऱ्यानं घरी ती मूठ पाहिली आणि म्हणाला, "ही हसते की काय?"

"गप बस."

"नाही, गुलाबी आहे म्हणून विचारलं."

पण मूठ बसली मात्र अशी, की हात आत गेला की हवासुद्धा बाहेर राहावी. एक फट नाही. आयुष्यात तिनं इतकी चपखल वस्तू बनवली नव्हती. सोफ्यावर बसून ती हात आत घालायची, काढायची, पुन्हा घालायची.

रेंजवर दादानं मूठ पाहिली. हातात घेतली, उलटसुलट केली, आतला लाकडी गाभा पाहिला. तिला वाटलं आता हा ओरडणार, आणि तिनं उत्तरंही तयार ठेवली होती. तो एवढंच म्हणाला, "सांगायचं तरी होतंस." मूठ परत दिली आणि दुसऱ्या टोकाला नवीन शिकणाऱ्यांकडे निघून गेला.

ओरडला असता तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून दादा तिच्या जागेकडे फिरकेना. आली-गेली की विचारपूस करायचा, चहाचा कप पुढे सरकवायचा, पण तिच्या मागे उभं राहून बघणं त्यानं सोडलं. तिनंही मग तोंड उघडलं नाही. दोघं एकाच आईची लेकरं, अढी धरण्यात कुणी कुणाला हार जाणारं नव्हतं.

आणि नव्या मुठीचे छर्रे? पहिल्या दिवशी पाचशे एकोणचाळीस. तिला वाटलं, सवय व्हायची आहे. पंधरवडा गेला, सवय झाली, आकडा तिथंच. आता सात उजवीकडे मधूनच जात नव्हते, सर्रास जात होते. डोळ्याकडच्या बाजूला जी खाच असते, जिच्या मधोमध माशी दिसायला हवी, ती तिनं सरकवली, तर छर्रे डावीकडे गेले आणि शेवटच्या वीस नेमांत पुन्हा उजवीकडे. ट्रिगर हलका केला, मग त्याचं पातं पुढे घेतलं, मग मागे. माशी बदलून रुंद लावली. पोस्टमास्तर म्हणाले, "बूट बदलून बघा." तिनं बूटही बदलले. दुसरा कुणी म्हणाला नळीवर वजन चढवा, तिनं चढवलं, हात दुखला, उतरवलं. एक ना धड भाराभर चिंध्या. शेवटी कुठला बदल कशासाठी केला होता तेही तिला आठवेना. पिस्तूल उचललं की डोक्यात सतरा विचार, आणि त्यात माशीकडे बघायचं तेवढं राहून जायचं.

घरी ती भांडी आदळायला लागली. नवरा एकदा म्हणाला, "सोडून दे ना. मान तर बरी झाली."

"मान बरी झाली म्हणून डोकं बरं होतं का?" ती म्हणाली. आपल्याला नेमकं काय म्हणायचं होतं ते तिचं तिलाच कळलं नाही.

अशा अवस्थेत निवड स्पर्धा आली. मोठा हॉल, चकचकीत फरशी, अनोळखी माणसं. नेम धरण्याआधी प्रत्येकाचं पिस्तूल तपासतात. टेबलामागे एक बाई बसली होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. ट्रिगर अर्धा किलो वजन उचलून धरायला हवा, त्याहून हलका चालत नाही. बाईनं वजनाची काडी ट्रिगरला अडकवली, पिस्तूल वर उचललं, आणि खट्ट, ट्रिगर सुटला.

"हलका आहे," बाई म्हणाली. पुन्हा केलं, पुन्हा खट्ट. मग तिनं मूठ पाहिली. "आणि हे काय? तळहाताखालची ही फळी वर वळलीय. हाताला कवेत घेणारी मूठ चालत नाही. सपाट करून आणा. वेळ आहे अजून."

मागे रांग उभी होती. कुणीतरी "गुलाबी" असं काहीतरी पुटपुटलं. तिला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. इतक्या महिन्यांची खटपट, आणि आपण दारातच अडकलो.

हॉलच्या कडेला बाकावर बसून तिनं पिशवीतून बारीक कानस काढली. तेवढ्यात शेजारी कुणीतरी बसलं. दादा. तो पिस्तूल घट्ट धरून बसला आणि ती फळीची कड उतरवायला लागली. तिच्या साडीवर गुलाबी भुगा पडत होता. ते झाल्यावर दादानं खिशातला छोटा पाना काढून ट्रिगरचा स्क्रू आवळला.

"आता जड लागेल," तो म्हणाला. "घाई करू नकोस."

दुसऱ्या खेपेला पिस्तूल पास झालं. तिनं साठ नेम मारले. पाचशे एकेचाळीस. शेवटून कितवी आली ते तिनं फळ्यावर जाऊन पाहिलंसुद्धा नाही.

सोमवारी सकाळी लॅबमध्ये फोन वाजला. तोच डॉक्टर, ज्याची कवळी परत परत येत होती. आता दुसऱ्याच पेशंटची. "ताई, अहो खालचे दात वरच्यांना भेटतच नाहीत. तुमच्याकडून काहीतरी..."

तिचा आधीच भडका उडालेला. "माझ्याकडून काही नाही, डॉक्टर. तुम्ही पेशंटला खुर्चीत आडवं करून चावायला लावता. आडव्या माणसाचा जबडा मागे सरकतो. त्याला नीट बसवा, मान सरळ ठेवा, मग चावायला सांगा. माणूस जसा जेवतो तसं माप घ्यायचं असतं. झोपून कोण जेव..."

ती थांबली.

"हॅलो? ताई?"

"मी नंतर फोन करते," ती म्हणाली.

टेबलावर दिवा होता, खुर्ची होती, कोपर टेकवायची तीच जागा होती. तिनं पिस्तूल पेटीतून काढलं, खुर्चीत बसून मूठ हातात धरली. चपखल. मग उभी राहिली, बाजूला वळली, हात खांद्याइतका लांब केला. मनगटाच्या शिरा ताणल्या, तळहाताचा मांसल भाग सरकला, आणि अंगठ्याच्या मुळाशी फट पडली. डोळे मिटून हात उचलला, उघडले, तर माशी खाचेच्या उजवीकडे. प्रत्येक वेळी मनगट पिळून ती माशीला मध्ये आणत होती, आणि छर्रा सुटताना मनगट आपल्या जागी परत जात होतं. साठ वेळा.

"गाढव आहेस," ती स्वतःलाच मोठ्यानं म्हणाली. "महामूर्ख."

डॉक्टरांना दहा वर्षं ज्यावरून झापत आली, तेच तिनं केलं होतं. बसून माप घेतलं होतं आणि उभं राहून नेम धरत होती. आनंद व्हायला हवा होता, शेवटी रोग सापडला होता. तिला मात्र नुसती चीड आली. वर्षाचा चुराडा, भावाच्या हातची मूठ भुकटी, आणि कारण काय, तर खुर्ची.

संध्याकाळी ती रेंजवर गेली आणि दादाला म्हणाली, "लॅबमध्ये चल. उभं राहून माप घ्यायचंय. एकटीला जमणार नाही."

दादानं विचारलं नाही कशाचं. आला. तिनं हात लांब केला आणि दादानं गुलाबी थर घासून काढलेल्या गाभ्याभोवती पुटी थापली. मग तो मागे उभा राहून तिच्या मनगटाकडे बघत राहिला. किती तरी महिन्यांनी.

"मनगट..." तो म्हणाला.

"दादा!"

"अगं, बरोबर आहे म्हणत होतो. असंच ठेव."

पुटी घट्ट होईपर्यंत बोलायचं नाही असं ठरलेलं होतं, पण तीच बोलली. "तुझी मूठ मी घासून टाकली. विचारायला हवं होतं."

"हवं होतं," दादा म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "मी पण ती अंगणाची म्हण नको होती वापरायला. पण मनगट तू सोडत होतीस हे खरं."

"मुठीमुळे!"

"मूठ माझी होती तेव्हाही सोडत होतीस."

"तेव्हाही मुठीमुळेच!"

"हलू नकोस."

नव्या मुठीचा रंग तिनं मुद्दाम करडा घेतला. तरी चमत्कार झाला नाही. पाचशे पंचेचाळीस, पन्नास, एकावन्न. दादानं तिला एक अट घातली होती की आता स्पर्धेपर्यंत पिस्तुलाच्या कुठल्याही स्क्रूला हात लावायचा नाही. ही अट तिला फार जाचली. छर्रा वाकडा गेला की बोटं पान्याकडे धावायची. पान्याऐवजी ती कोरी भिंत समोर घेऊन, छर्रा न भरता, नुसता ट्रिगर दाबायची, रोज, कंटाळा येईपर्यंत आणि कंटाळा आल्यावरही. कशाला ही कटकट, असं तिला जवळजवळ दररोज वाटलं. दादा पुन्हा तिच्या मागे उभा राहायला लागला होता, आणि त्याचं तिला कधी बरं वाटायचं, कधी डोक्यात जायचं.

पुढच्या निवडीला पिस्तूल पहिल्या खेपेतच पास झालं. नेमही चांगले चालले. मागे आकडे दिसायचे, पण तिनं पाहिले नाहीत. शेवटाला तीन छर्रे उरले असताना तिनं हात खाली आणला आणि तो स्थिर होईना. नेम सोडून हात टेबलावर खाली ठेवायला आणि दम घेऊन पुन्हा उचलायला वेळ होता, भरपूर होता. ती थांबली नाही. आता हा सोडतेच, असं म्हणत तिनं ट्रिगर दाबला. सात.

पाचशे अठ्ठावन्न. दोन कमी.

बाहेर बसस्टॉपच्या कठड्यावर ती पेटी मांडीवर घेऊन बसली. दादा उभाच होता.

"तो अठ्ठावन्नावा छर्रा," तो म्हणाला, "हात खाली ठेवायचा होता."

"माहितीये."

"मग का नाही ठेवलास?"

"नाही ठेवला! झालं? कळत होतं आणि नाही ठेवला. मला माझाच इतका राग आलाय की तू आणखी बोलू नकोस."

दादानं बस येते का ते वाकून पाहिलं. मग म्हणाला, "पुढची निवड वर्षानं."

"वर्षानं! वर्षभर पुन्हा ती भिंत?"

"भिंत. आणि हात खाली ठेवायचा सराव."

"त्याचा काय सराव करायचा? हात तर कुणीही खाली ठेवतं."

"कुणीही नाही ठेवत," दादा म्हणाला. "मीसुद्धा नाही ठेवायचो. म्हणून खांदा गेला."

हे तो पहिल्यांदाच बोलत होता. तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तिला पुढं विचारायचं होतं, पण बस आली आणि दादा आधीच पायरीवर चढून, दार अडवून, "पेटी दे इकडे" म्हणत हात पुढे करून उभा होता.